कोरा कॉलम कुणासाठी? दवा बाजारातल्या एका साठामोजणीचं प्रकरण

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लागू २२ सप्टेंबरपासून. लोकांनी ही स्वस्ताईची बातमी म्हणून वाचली. इंदूरच्या दवा बाजारात तिचा अर्थ असा होता की मध्ये अठरा दिवस आहेत आणि तेवढ्यात दुकानातल्या प्रत्येक बॅचपुढे नवा भाव लिहायचा आहे.

हे प्रकरण तिथल्याच एका दुकानाचं. दुकान आर.एन.टी. मार्गावर, गोदाम देवास नाक्याला. मराठी घर, तिसरी पिढी, चाळीसेक कंपन्यांची स्टॉकिस्टशिप, म्हणजे त्यांचा माल केमिस्टना घाऊक पुरवायचा. मालकांना सगळा बाजार दादा म्हणतो. बिलिंग आणि कॉम्प्युटर वहिनींकडे, वह्या मुनीमजींकडे, आणि गोदामात एक भैया आहेत. कुठल्या रॅकवर कोणत्या कंपनीचा माल आहे हे त्यांना कॉम्प्युटरच्या आधी कळतं. अशा दुकानांच्या हिशोबाची मांडणी बसवून देणं हे माझं काम, म्हणून दादांचा फोन आला. मागणी सरळ होती. “ताई, प्रत्येक कंपनीच्या शीटमध्ये चार-पाच कोरे कॉलम घालायचेत. बटण दाबलं की झालं पाहिजे.”

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून कंपनीवार साठ्याची एक्सेल शीट निघते. ए कॉलममध्ये औषधाचं नाव, पुढे पॅकिंग, बॅच, एक्स्पायरी. ई मध्ये एमआरपी. एफ मध्ये पीटीआर, म्हणजे केमिस्टला लावायचा भाव. जी मध्ये दुकानातला साठा, एच मध्ये गोदामातला, आय मध्ये दोन्हींची बेरीज, जे मध्ये त्या साठ्याची किंमत. दादांना एमआरपीच्या उजवीकडे नवी एमआरपी हवी होती, पीटीआरच्या उजवीकडे नवा पीटीआर, दुकानाच्या आकड्याशेजारी तिथे मोजलेला आकडा, गोदामाच्या शेजारी तिथला, आणि सगळ्यात शेवटी शेरा. शेवटचा कॉलम कुणाला त्रास देत नाही. हे सगळं प्रकरण मधल्या चार कॉलमचं आहे.

भाव बदलताना साठा कशाला मोजायचा, असं कुणी विचारेल. जुन्या भावाने घेतलेला माल २२ तारखेपासून नव्या भावाने विकायचा, म्हणजे मधल्या फरकाचं कंपनीशी बोलणं आलं, आणि ते बोलायला बॅचनिशी आकडा हातात लागतो. शिवाय सगळीच औषधं ५ टक्क्यांवर आली नाहीत. कर्करोग आणि दुर्मिळ आजारांवरची काही, एकूण ३३ जीवरक्षक औषधं, १२ वरून थेट शून्यावर गेली. खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची जी वजावट घेतलेली असते, ती ५ टक्क्यांवर आलेल्या मालाच्या बाबतीत तशीच राहते. शून्यावर गेलेल्या मालाची मात्र २२ तारखेपासूनच्या विक्रीपुरती परत करावी लागते. तेव्हा असा माल किती शिल्लक आहे हे अंदाजाने सांगून भागत नाही.

हाताने का नाही

खरं तर हाताने कॉलम घालणं काही अवघड नाही. कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक केलं की अख्खा कॉलम निवडला जातो, कंट्रोल-शिफ्ट आणि अधिकचं चिन्ह दाबलं की त्याच्या डावीकडे नवा येतो, आणि पुढच्या ठिकाणी जाऊन एफ४ दाबलं की तीच क्रिया पुन्हा होते. वहिनींचा हात यात इतका बसलेला आहे की चाळीस फाइली त्या एका दुपारी उरकतील. म्हणून ‘वेळ वाचतो’ हे ऑटोमेशनचं नेहमीचं समर्थन इथे मला फारसं पटत नव्हतं.

कारण वेगळं होतं. मार्चच्या मोजणीत कॉलम हातानेच घातले होते. एका शीटमध्ये दुकानाची मोजणी दुकानाच्या आकड्यानंतर आली, दुसरीत आधी, तिसरीत गोदामाचा कॉलम राहूनच गेला आणि नंतर टोकाला जोडला. एकेक शीट वेगळी पाहिली तर कुठेच चूक दिसत नाही. सगळ्या एकाखाली एक जोडल्या तेव्हा गोदामाचे आकडे दुकानाच्या रकान्यात जाऊन बसले, आणि मुनीमजींनी आठवडाभर लाल पेन चालवलं. यंत्राकडून हवा होता तो एकसारखेपणा. चाळीस शीटमध्ये तोच कॉलम त्याच जागी, त्याच नावाने.

भाच्याची स्क्रिप्ट

माझ्या आधी दादांच्या भाच्याने हात घातला होता. तो विजयनगरच्या एका आय.टी. कंपनीत आहे. त्याने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, एक्सेलच्या फाइली हाताळणाऱ्या ओपनपायएक्सेल या तयार लायब्ररीवर, पाच-सात ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फोल्डर दाखवा, सगळ्या फाइलींत कॉलम पडतात, डोळ्यांचं पातं लवायच्या आत. कॉलम अगदी बरोबर जागी पडले होते. फक्त एका खोकल्याच्या औषधाचा एकूण साठा ८२.५० बाटल्या दिसत होता आणि त्या साठ्याची किंमत शून्य.

हे कसं झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मूळ शीटमध्ये आय कॉलमचं सूत्र होतं ‘जी अधिक एच’, म्हणजे दुकान अधिक गोदाम. चार कॉलम मध्ये आल्यावर दुकानाचा साठा आय मध्ये सरकला, गोदामाचा के मध्ये, बेरीज एम मध्ये आणि किंमत एन मध्ये. ही लायब्ररी सेल उचलून पलीकडे ठेवते, पण सूत्राच्या आतली अक्षरं बदलत नाही. तिच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे की सूत्रं, टेबलं, चार्ट यांचे एकमेकांशी असलेले संबंध ती सांभाळत नाही. त्यामुळे एम मध्ये जाऊन बसलेलं सूत्र अजूनही ‘जी अधिक एच’ असंच होतं, आणि नव्या मांडणीत जी म्हणजे पीटीआर, एच म्हणजे कोरा. ८२ रुपये ५० पैशांच्या बाटल्या झाल्या. किंमतीचं सूत्र ‘आय गुणिले एफ’ होतं. एफ आता नव्या एमआरपीचा कोरा कॉलम, म्हणून गुणाकार शून्य.

पंगतीत मध्येच एक पान वाढवलं आणि वाढप्याला ‘पाचव्या पानाला बिनतिखटाची आमटी’ एवढंच सांगून ठेवलेलं असलं, तर आमटी भलत्याच्याच पुढे जाते. वाढप्याचं त्यात काही चुकलेलं नसतं.

यातली भीतीची बाब अशी की कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही. लाल अक्षर नाही, प्रश्नचिन्ह नाही. ८२.५० मधले पन्नास पैसे होते म्हणून वहिनींचा डोळा थबकला. भाव गोल ८२ असता तर तो आकडा साठा म्हणून खपला असता. भाच्याला मी सुचवलं की पायथनच वापरायचं असेल तर फाइल उघडून देणारं आणि प्रत्यक्ष एक्सेलकडूनच काम करून घेणारं साधन घे. एक्सेल स्वतः कॉलम घालतं तेव्हा त्या फाइलमधली सूत्रं आपोआप सरकवतं. बेरीज आपसूक ‘आय अधिक के’ होते, किंमत ‘एम गुणिले जी’.

एक्सेलने स्वतः सरकवलं तरी

एवढ्याने सुटलं असतं तर हे लिहायचं कारण नव्हतं.

सगळ्या शीटमध्ये बेरीज ‘जी अधिक एच’ अशी नव्हती. काहींत ती ‘सम’ या फंक्शनने केलेली होती, जी पासून एच पर्यंत. दोन शेजारच्या कॉलमसाठी कुणीही तेच लिहील. आता या दोघांच्या मध्ये एक कॉलम घातला की एक्सेल शहाणपणा करून पल्ला ताणतं: जी-ते-एच चं आय-ते-के होतं, आणि मधला जे, म्हणजे दुकानात मोजलेला आकडा, बेरजेत शिरतो. कॉलम कोरा आहे तोवर काहीच कळत नाही. मोजणी होऊन आकडे भरायला लागलं की बेरीज फुगते. दुकानात ४०, गोदामात १००, मोजून पुन्हा ४० भरले, एकूण १८०. गोदामाची मोजणी मात्र पल्ल्याच्या बाहेर, एल मध्ये, म्हणून ती शिरत नाही. फरक कधी दुप्पट येत नाही, कधी निम्मा येत नाही, आणि शोधायला बसलेला माणूस वेडा होतो. कोरा कॉलम घालून झाल्यावर सगळं ठीक दिसतं ते दुसऱ्या दिवशी बिघडतं, हा या प्रकाराचा स्वभावच आहे.

दुसरी जागा सेल्समनच्या भावपत्रकाची. ते वेगळ्या फाइलमध्ये, आणि कंपनीच्या शीटमधून भाव आणायला तिथे ‘व्हीलूकअप’ लावलेलं. त्यातला तिसरा भाग हा नुसता आकडा असतो: सहावा कॉलम आण. सहावा म्हणजे पीटीआर. एमआरपीनंतर कोरा कॉलम आला की सहावा तोच होतो, आणि कोऱ्या सेलमधून व्हीलूकअप शून्य आणतं. पत्रकात भाव शून्य. पल्ला सरकवण्याची हुशारी एक्सेल दाखवतं, पण हाताने लिहिलेल्या ‘६’ ला ते हात लावत नाही, आणि लावूही नये; त्या सहाचा अर्थ त्याला काय ठाऊक? नव्या आवृत्त्यांतलं ‘एक्सलूकअप’ असतं, ज्यात क्रमांकाऐवजी कॉलमच दाखवायचा असतो, आणि कॉलम घालताना दोन्ही फाइली उघड्या असत्या, तर प्रश्न नव्हता, पण दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर अजून २०१६ चं एक्सेल आहे. तिथे ‘इंडेक्स’ आणि ‘मॅच’ यांची जोडी लावली, जी कॉलमचा क्रमांक न घेता शीर्षकातल्या नावावरून शोधते.

वहिनींनी स्वतः एक मॅक्रो, म्हणजे एक्सेलला एकदा करून दाखवलेलं आणि मग बटणावर पुन्हा करून घेता येणारं काम, रेकॉर्ड करून पाहिला होता. त्याची गंमत निराळी. बिलिंगमधून आलेल्या शीटच्या पहिल्या ओळीत कंपनीचं नाव असतं, दहाही कॉलमवर पसरलेला एकच जोडलेला सेल. रेकॉर्ड केलेला मॅक्रो आधी कॉलम निवडतो आणि मग निवडलेल्याच्या जागी घालतो. जोडलेल्या सेलमधून जाणारा कॉलम मॅक्रोने निवडला की निवड त्या सेलच्या पूर्ण रुंदीएवढी पसरते. एका कॉलमऐवजी दहा पडले. उपाय छोटा: आधी निवडण्याच्या भानगडीत न पडता थेट त्या कॉलमवर घालण्याची आज्ञा द्यायची.

आणि डावीकडून उजवीकडे जाणं. पाचव्यानंतर, सहाव्यानंतर, सातव्यानंतर, आठव्यानंतर घाल, असं क्रमाने सांगितलं तर पाचव्यानंतर पडलेला कोरा कॉलमच सहावा होतो, पुढचा त्याच्याच मागे पडतो, आणि चारही कोरे कॉलम एमआरपीनंतर ओळीने उभे राहतात. म्हणून उजवीकडून सुरुवात करायची; मागचं सरकलं तरी पुढचं जागच्या जागी राहतं. हे शिकवणीत पहिल्या दिवशी सांगतात, तरी प्रत्येक जण एकदा डावीकडून जातोच.

कामं आपोआप करून देणारं मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉपही पाहिलं. विंडोजवर फुकट मिळतं, त्यात कॉलम घालण्याची तयार पायरी आहे, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही जमतं. पण ती पायरी कॉलमचं अक्षर किंवा क्रमांक मागते, आणि आमचं भांडण नेमकं अक्षर-क्रमांकाशी होतं. गूगल शीट्सचा विचार दादांनी एका वाक्यात संपवला: भाव बाहेर ठेवायचे नाहीत.

नावावरून शोध

शेवटी साधन म्हणून जे उभं राहिलं तो एक्सेलमधलाच मॅक्रो, वहिनींच्या कॉम्प्युटरवरच्या वैयक्तिक मॅक्रो-वहीत ठेवलेला. फाइलमधून मॅक्रो पाठवण्याचा मार्ग सोडला, कारण २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली आहे. ईमेलने आलेली फाइल उघडली की वर लाल पट्टी येते, आणि दवा बाजाराच्या गर्दीत प्रत्येक फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ‘इंटरनेटवरून आलेली’ ही खूण काढत बसायला कुणाला सवड आहे?

मॅक्रो कॉलमचा क्रमांक कुठेच वापरत नाही. शेजारी एक छोटी फाइल आहे, दोन रकान्यांची: कशाच्या उजवीकडे, आणि काय नावाने. पहिल्या ओळीत ‘एमआरपी’ आणि ‘नवी एमआरपी’, दुसरीत ‘पीटीआर’ आणि ‘नवा पीटीआर’, असं. मॅक्रो आधी मूळ फाइलची तारखेच्या नावाने नक्कल करतो आणि मूळ फाइल बंद करतो. मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल-झेडने परत फिरत नाही, त्यामुळे नक्कल हाच इथला ‘मागे घ्या’. मग पहिल्या दहा ओळींत शीर्षकाची ओळ शोधतो. टिंबं, मोकळ्या जागा काढून तुलना करतो, कारण एकीकडे ‘एमआरपी’, दुसरीकडे ‘एम.आर.पी.’, तिसरीकडे शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा. नाव सापडलं नाही किंवा दोनदा सापडलं, तर तो अंदाज बांधत नाही. ती फाइल बाजूला ठेवतो आणि नावांची यादी देतो. दादांना हे आवडलं नाही. “थांबतो कशाला, पुढे जाऊ दे.” पण सगळी किंमत या थांबण्यातच आहे, आणि यावर मी हटले नाही.

थांबलेल्यांत बहुतेक फाइली किरकोळ कारणाच्या निघाल्या. एकीने मात्र चक्रावून टाकलं. गोदामाची रॅकवार यादी कधीकाळी एका टायपिस्टने हिंदीत करून दिली होती. पडद्यावर ‘गोदाम’ स्वच्छ दिसतं, मॅक्रो म्हणतो नाही. यादी क्रुतिदेव फॉण्टमध्ये होती. तिथे देवनागरी फक्त दिसण्यापुरती. आत साठवलेली असतात ती इंग्रजी कळफलकावरची अक्षरं, आणि फॉण्ट बदलला की त्यांचा अर्थहीन गोळा समोर येतो. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत अशा फाइली ढिगाने आहेत. ती यादी युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच साठवणाऱ्या पद्धतीत, करून घेतली.

आणखी एका फाइलने कॉलम घ्यायलाच नकार दिला: भरलेले सेल शीटच्या बाहेर ढकलले जातील, असा संदेश. शीटमध्ये तर दहाच कॉलम! एक्सेलच्या नव्या शीटला १६,३८४ कॉलम असतात, जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलला फक्त २५६, आणि कुणीतरी शीर्षकाच्या पूर्ण ओळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग आणि चौकट दिलेली होती. शेवटच्या कॉलममधली नुसती चौकटही एक्सेलच्या लेखी माल आहे. उजवीकडचं सगळं फॉरमॅटिंग पुसलं, फाइल नव्या प्रकारात साठवली, कॉलम बसले.

कोऱ्या कॉलमला शीर्षक देण्याचा आग्रहही माझाच. पूर्ण कोरा कॉलम, ज्याच्या डोक्यावर नावही नाही, तो एक्सेलला भिंतीसारखा लागतो. तिथे यादी संपली असं ते समजतं. यादीचा गोषवारा काढणारं पिव्होट टेबल नाव नसलेला कॉलम घेत नाही, ते परवडलं, निदान तक्रार तरी करतं. क्रमवारी लावणं जास्त घातक. नावांवर उभं राहून क्रम लावला तर भिंतीच्या डावीकडचाच भाग हलतो, उजवीकडचा जागेवर राहतो. औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी एकीकडे गेली, साठा दुसऱ्याच औषधापुढे. किराणा मालात हे निस्तरता येईल. औषधात एक्स्पायरी जवळ आलेल्या बॅचचा साठा ताज्या बॅचपुढे लागेल. शीर्षकाचा एक शब्द लिहिला की भिंत पडते.

जुळलेली मोजणी

मुख्य मोजणीच्या आधी एका छोट्या कंपनीची शीट छापून रंगीत तालीम झाली. मॅक्रो नीट चालला, छापील कागद गोदामात गेला, भैयांनी भरून परत दिला. सगळे आकडे जुळले. प्रत्येक बॅच, शेवटच्या पट्टीपर्यंत.

दादांनी कागद पाहिला आणि हसले. “इतकं जुळतं, तर मोजायचं कशाला?”

कागदावर डावीकडे कॉम्प्युटरमधला साठा छापलेला, उजवीकडे कोरा रकाना. संध्याकाळची वेळ, गोदामात उकाडा, शंभर बॅच. डावीकडचा आकडा उजवीकडे उतरवण्याचा मोह कुणालाही होईल. भैयांना दोष देण्यात अर्थ नव्हता, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “जहाँ ठीक दिखा वहाँ लिख दिया.” आकड्याशेजारी कोरी जागा म्हणजे उतरवून घ्या असं आमंत्रण. लेखापरीक्षक मोजणाऱ्याला पुस्तकातला आकडा दाखवत नाहीत, ते याचमुळे.

इथे सगळी मागणीच उलटली. मोजणीचा कोरा कॉलम साठ्याच्या आकड्याशेजारी हवा, ही दादांची पहिली अट. प्रत्यक्षात मोजणाऱ्याच्या कागदावर तो आकडा दिसताच कामा नये. म्हणजे तो कॉलम मूळ शीटमध्ये घालायची गरजच उरली नाही. मग भावाचे दोन कॉलम तरी तिथे कशाला? नवा भाव वेगळ्या शीटमध्ये, औषधाच्या कोडनिशी, आणि मूळ शीट जशी बिलिंगमधून आली तशी, हात न लावलेली. साठ्याच्या शीटचे कॉलम हलले नाहीत, तर सूत्रं, भावपत्रक, बेरजा, कशालाच धक्का नाही. वर लिहिलेली अर्धीअधिक दुखणी मुळातच उद्भवत नाहीत.

दादा याला तयार नव्हते. त्यांना जुना आणि नवा भाव शेजारीशेजारी पाहायचा होता, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चुकलेला भाव डोळ्याला असाच सापडतो. मग मॅक्रोची दोन कामं झाली. दादांसाठी तो नकलेत सगळे कॉलम घालतो, पण त्याआधी नकलेतली सूत्रं पुसून त्यांच्या जागी नुसते आकडे ठेवतो. पाहायची शीट, हिशोबाची नाही. फुगायला तिथे सूत्रच उरत नाही. मोजणीसाठी तो दोन छापील कागद काढतो, दुकानाचा आणि गोदामाचा, साठ्याचे सगळे कॉलम लपवून: नाव, पॅकिंग, बॅच, एक्स्पायरी, एमआरपी, आणि एक रुंद कोरा रकाना. नवा कॉलम डावीकडच्या कॉलमचं रूप उचलतो, रुंदीही बेताचीच मिळते, आणि तेवढ्या चिंचोळ्या जागेत बॉलपेनने आकडा, खोड, पुन्हा आकडा मावत नाही. रुंदी किती असावी हे भैयांनी बोटांनी दाखवलं, तेवढी ठेवली. ओळींची उंचीही वाढवली. कागद आडवा.

पुन्हा तालीम झाली. यावेळी आकडे जुळले नाहीत, आणि दादांचा जीव भांड्यात पडला.

नवी एमआरपी: कोरी की शून्य

एमआरपी करासकट असते, म्हणून १२ चे ५ झाले तर ७ टक्के कमी करायचे, हा हिशोब बाजारात त्या आठवड्यात पुष्कळांच्या तोंडी होता. तो बरोबर नाही. मूळ किंमत १०० असेल तर जुनी एमआरपी ११२ आणि नवी १०५. जुन्या एमआरपीला १०५ ने गुणून ११२ ने भागायचं, कपात ६.२५ टक्के. शंभराच्या एमआरपीवर ९३.७५ यायला हवेत, सात टक्के काढले तर ९३ येतात. थर्मामीटर १८ वरून ५ वर आला, तिथे भागायचं ११८ ने, आणि कपात ११ टक्क्यांच्या थोडी वर जाते. म्हणजे जुना कर कोणता हे प्रत्येक ओळीला माहीत असावं लागतं.

तरीही ‘नवी एमआरपी’ या कॉलममध्ये आम्ही हे सूत्र घातलं नाही. एमआरपी ठरवणं दुकानाचं काम नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कंपन्यांनाच सुधारित भावपत्रकं काढून विक्रेत्यांना द्यायला सांगितलं होतं. आधीच बाजारात असलेल्या मालावर नवं लेबल चिकटवणं, विक्री नव्या भावाने होत असेल तर, सक्तीचं नव्हतं. त्यामुळे हा कॉलम कंपनीची यादी येईपर्यंत खरोखर कोरा ठेवायचा. शून्य नाही, ‘येणार’ नाही, कोरा, पिवळ्या रंगात. सूत्राने काढलेला आकडा शेजारी ‘पडताळा’ म्हणून, आणि कंपनीचा आकडा आल्यावर दोन्हींत काही पैशांहून जास्त फरक दिसला तर फोन. असे फोन झाले. एका यादीत जुनाच भाव नव्या तारखेने आलेला होता. पडताळ्याचा कॉलम नसता तर तो तसाच बिलावर गेला असता.

रविवार

मोजणी २१ सप्टेंबरला ठरली. रविवार, बाजार बंद, आणि सर्वपित्री अमावास्या. दादा घरचं आटोपून दुपारी आले. तोवर दुकानाची मोजणी वहिनींनी आणि मुनीमजींनी संपवत आणली होती, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. गोदामाला रात्र झाली. कागदावरचे आकडे वहिनींनी लॅपटॉपवर भरले, मॅक्रोने काढलेल्या त्याच क्रमाच्या शीटमध्ये, त्यामुळे चाळीस कंपन्या एकाखाली एक जोडताना या खेपेला कुठला रकाना सरकला नाही. जोडणीला काही मिनिटं लागली. फरक मात्र निघाले, आणि त्यांतले बरेचसे चोरीचे किंवा गहाळ मालाचे नव्हते. एकाच औषधाच्या दोन बॅच बिलात एकमेकींच्या नावावर गेलेल्या. ही गोष्ट पहिल्या, तंतोतंत जुळलेल्या कागदाने कधीच सांगितली नसती.

काही कंपन्यांच्या याद्या रात्रीपर्यंत आल्याच नव्हत्या. त्यांचा कॉलम पिवळा कोरा राहिला आणि तेवढ्या मालाची बिलं वहिनींनी सोमवारी सकाळी थांबवून धरली. बाकी दुकान घटस्थापनेला, २२ तारखेला, नव्या दरांनी उघडलं.

मुनीमजींनी मोजणीचे छापील कागद फाइलला लावून ठेवले आहेत, खाडाखोडीसकट. लॅपटॉपमधल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसला आहे असं म्हणवत नाही.

मॅक्रोला त्यानंतर मी हात लावलेला नाही. मार्चअखेरच्या मोजणीसाठी वहिनींनी त्या दोन रकान्यांच्या छोट्या फाइलमधून भावाच्या ओळी स्वतःच काढून टाकल्या आणि एक नवी घातली: ‘एक्स्पायरी’च्या उजवीकडे ‘परत पाठवायचं’.